किड्याचा फोटो ओळख पटेल असा हवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा लागला की वाचकांनी पाठवलेल्या छायाचित्रांत फुलपाखरे, कोळी, चतुर, सुरवंट यांची संख्या एकदम वाढते. परसातल्या कढीपत्त्यावर, सोसायटीच्या कुंपणावर, बाल्कनीतल्या कुंडीत जे दिसेल ते लोक फोनने टिपतात आणि उत्साहाने पाठवतात. याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. अशा फोटोंवरून कीटकांची ओळख पटवून देण्याचे काम आम्ही काही जण करतो. त्यातून एक गोष्ट ठामपणे सांगता येते. पुष्कळ फोटोंतला प्राणी ओळखता येत नाही, पण त्याला फोनची किंमत कारण नसते. बारा मेगापिक्सेलचा साधा फोन सात मिलिमीटरचा कोळी ओळखू येईल इतका नीट टिपू शकतो. अडते ते अंतर, उजेड आणि कोणती बाजू टिपायची याची कल्पना नसल्यामुळे. म्हणून हे सविस्तर पत्र.

आधी अंतर. प्रत्येक फोनच्या मुख्य कॅमेऱ्याला एक किमान अंतर असते. त्याहून जवळ गेले की फोकस होतच नाही, कितीही वेळा पडद्यावर बोट टेकवा. लहान सेन्सरच्या जुन्या फोनमध्ये हे अंतर आठ-दहा सेंटिमीटर असायचे. मोठ्या सेन्सरच्या नव्या फोनमध्ये ते पंधरा-वीस सेंटिमीटरपर्यंत वाढले आहे, म्हणजे या कामात महागडा फोन उलट अधिक दूर राहतो. आपल्या फोनचे अंतर एकदा मोजून ठेवावे. टेबलावर छापील कागद ठेवायचा, शेजारी पट्टी उभी धरायची आणि अक्षरे कुठपर्यंत स्पष्ट राहतात ते बघत फोन खाली आणायचा. पाच मिनिटांचे काम आहे, आणि निम्मे धूसर फोटो इथेच वाचतात.

किमान अंतराच्या आत गेल्यावर बरेच नवे फोन न विचारता अल्ट्रावाइड, म्हणजे जास्त रुंद दृश्य टिपणाऱ्या, कॅमेऱ्यावर जातात. पडद्यावर फुलाचे छोटे चिन्ह दिसते. आयफोनमध्ये ही सोय २०२१ च्या १३ प्रोपासून आली आणि तो कॅमेरा २ सेंटिमीटरवरून फोकस करतो. अंडी, कोष, गोगलगाय, सुस्त सुरवंट यांच्यासाठी ही सोय उत्तम. कढीपत्त्याच्या पानावरचे लिंबाच्या फुलपाखराचे अंडे जेमतेम १ मिलिमीटरचे, फिकट पिवळे आणि गोल असते. ते या पद्धतीने छान येते. पण २ सेंटिमीटरवर फोनची सावली थेट किड्यावर पडते आणि जागा असलेला कुठलाही किडा इतक्या जवळ टिकत नाही. मग उडालेल्या फुलपाखराची रिकामी फांदी हाती लागते.

स्वस्त फोनवर पाठीमागे ‘मॅक्रो’ असे लिहिलेला वेगळा कॅमेरा असतो. तो बहुधा दोन मेगापिक्सेलचा आणि ठरलेल्या फोकसचा, सुमारे ४ सेंटिमीटरवर चालणारा. त्याच्या चौकटीची रुंदी सगळी मिळून १६०० बिंदूंची (पिक्सेलची) असते. त्यापेक्षा मुख्य कॅमेऱ्याने दहा सेंटिमीटरवरून काढलेला फोटो नंतर कापून मोठा करावा. किड्याच्या वाट्याला साधारण तेवढेच बिंदू येतात, पण रंग आणि बारकावे कितीतरी चांगले मिळतात. फोनमध्ये ४८ किंवा ५० मेगापिक्सेलचा पर्याय असेल तर स्वच्छ उजेडात तो चालू करावा. संध्याकाळी नको, कारण तेव्हा बिंदू वाढतात आणि तपशील वाढत नाही.

याहून लहान प्राण्यांसाठी जोडभिंग लागते. क्लिपवर बसणारी भिंगे दोन-तीनशे रुपयांपासून मिळतात. त्यांच्या वेष्टनावरच्या ‘१५ पट’, ‘२० पट’ अशा आकड्यांकडे दुर्लक्ष करून नाभीय अंतर विचारावे, कारण किड्यापासून किती दूर थांबता येईल हे तेच ठरवते. भिंग लावले की फोकस त्याच्या नाभीय अंतराच्या आसपासच होतो. १० पटींचे घड्याळजी किंवा सराफ वापरतात ते भिंग २५ मिलिमीटरचे असते, म्हणजे किडा अडीच सेंटिमीटरवर. +१० डायॉप्टर शक्तीचे भिंग १०० मिलिमीटरचे, म्हणजे किडा दहा सेंटिमीटरवर. मुख्य कॅमेऱ्यावर चौकटीची, म्हणजे फोटोत मावणाऱ्या जागेची, रुंदी नाभीय अंतराच्या साधारण १.४ पट येते. २५ मिलिमीटरच्या भिंगाने साडेतीन सेंटिमीटर रुंदीची चौकट मिळते आणि सात मिलिमीटरचा कोळी त्यात सुमारे ८०० बिंदू व्यापतो. ओळखायला एवढे भरपूर झाले.

क्लिपच्या संचात एक चूक हमखास होते. ‘वाइड आणि मॅक्रो’ असे एकावर एक दोन भाग असतात, आणि मॅक्रोसाठी वरचा वाइडचा भाग फिरकी देऊन काढायचा असतो. तो तसाच ठेवून काढलेल्या फोटोत मधे धुके आणि कडेला वाकलेली पाने दिसतात. दुसरी अडचण जाड कव्हरची. कव्हरमुळे भिंग फोनच्या काचेपासून दोन-तीन मिलिमीटर दूर राहते आणि कोपरे काळे पडतात, म्हणून कव्हर काढूनच क्लिप लावावी. तिसरी गोष्ट, भिंग नेमक्या कॅमेऱ्यावर बसले आहे का ते पाहावे. पाठीवर तीन-चार काचा असतात. एकेक बोटाने झाकली की चालू कॅमेरा कोणता ते कळते. आपोआप मॅक्रोकडे जाण्याची सोय सेटिंगमधून बंद करावी, नाहीतर भिंग मुख्य कॅमेऱ्यावर आणि फोटो शेजारच्या कॅमेऱ्यातून असा प्रकार होतो. चुंबकाने चिकटणारी भिंगे शक्यतो टाळावीत. फोकस आणि थरथर रोखणारे फोनचे सूक्ष्म भागही चुंबकांवरच चालतात, त्यांच्यावर परिणाम होतो. एकेरी काचेच्या भिंगात कडेला जांभळ्या रेघा येतात; तीन काचा जोडलेल्या भिंगात त्या फारशा येत नाहीत. दोन-चारशे रुपये जास्त मोजायचे तर ते यासाठी मोजावेत.

फोनला तीन पटींचा टेलिफोटो (दूरचे जवळ आणून दाखवणारा) कॅमेरा असेल तर आमच्या मते सगळ्यांत चांगली जोडी म्हणजे तो कॅमेरा आणि +१० चे भिंग. मोठ्या कॅमेऱ्यांसाठी फिल्टरसारखे मिळणारे ५२ किंवा ५८ मिलिमीटर व्यासाचे क्लोजअप भिंग नुसते हाताने फोनला टेकवून धरले तरी चालते. दहा सेंटिमीटर दूर राहून सुमारे पाच सेंटिमीटर रुंदीची चौकट मिळते, फुलपाखरू उडत नाही आणि फोनची सावलीही पडत नाही. मात्र उजेड कमी झाला किंवा जवळ गेले की अनेक फोन टेलिफोटो गुपचूप बंद करून मुख्य कॅमेऱ्याचेच चित्र कापून दाखवतात. बोटाने झाकून पाहण्याची युक्ती इथेही वापरावी.

आता स्पष्टतेचा पट्टा, म्हणजे फोटोत पुढेमागे किती जाडीचा भाग स्पष्ट येतो ते. हा भाग समजला की बाकीचे सोपे होते. फोनच्या भिंगाचे छिद्र बहुतेक फोनमध्ये लहान करता येत नाही, त्यामुळे हा पट्टा त्या मार्गाने वाढवता येत नाही. २५ मिलिमीटरच्या जोडभिंगाने फोटो काढताना स्पष्ट दिसणाऱ्या पट्ट्याची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. सहा मिलिमीटरच्या ढालकिड्याचा (लेडीबर्ड भुंग्याचा) समोरून फोटो काढला तर डोळे स्पष्ट आणि पाठ धूसर, किंवा पाठ स्पष्ट आणि चेहरा गायब. म्हणून फोनची पाठ किड्याच्या लांबीला समांतर धरावी. मुंगी कडेने, फुलपाखरू मिटलेल्या पंखांच्या बाजूने, पसरलेल्या पंखांचा पतंग बरोबर वरून. किडा तिरका बसला असेल तर आपणच फोन तिरका करावा. तरीही पट्टा कमी पडत असेल तर मागे सरकावे आणि नंतर कापावे. +१० च्या भिंगाने मुख्य कॅमेऱ्यावर हाच पट्टा पाचेक मिलिमीटरचा होतो; चौकट मोठी मिळते, पण किडा डोक्यापासून शेपटापर्यंत स्पष्ट राहतो.

जोडभिंग लावल्यावर पडद्यावर बोट टेकवून फोकस शोधत बसू नये. बोट एकदा लांब दाबून फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद करावे आणि फोनच मिलिमीटर-मिलिमीटरने पुढेमागे न्यावा. डोळा स्पष्ट होताना दिसला की लागोपाठ आठ-दहा फोटोंची मालिका घ्यावी, त्यांतला एक नेमका लागतो. कोपरे गुडघ्यावर किंवा बरगड्यांना टेकवावीत, फोन दोन्ही हातांत धरावा आणि पडद्यावरच्या बटणाऐवजी आवाजाचे बटण वापरावे. श्वास रोखण्याचा सल्ला हात स्थिर राहावा म्हणून दिला जातो, पण दुसरे कारण जास्त महत्त्वाचे आहे. इतक्या जवळून सोडलेला श्वास किड्याला लगेच जाणवतो आणि तो पानाच्या खाली सरकतो.

वारा हा फोनपेक्षा मोठा अडथळा. हिशेब असा की पान सेकंदाला १ सेंटिमीटर जरी हलले तरी फोटो टिपायला लागणाऱ्या १/२५० सेकंदात ते २५ मिलिमीटरच्या भिंगातून चार-पाच बिंदूंनी सरकते, आणि तेवढ्याने डोळ्यांतली नक्षी पुसली जाते. १/१००० ला हीच सरक एका बिंदूवर येते. प्रो मोड (हा वेळ हाताने ठरवण्याची सोय) असेल तर सकाळच्या उन्हात १/५०० ते १/१००० वर राहावे आणि आयएसओ (सेन्सरची उजेडाबाबतची संवेदनशीलता) ४०० च्या पुढे जाऊ देऊ नये. प्रो मोड नसेल तर पान थांबवावे. बांबूची एक काडी मातीत खोचायची, तिला कपड्यांचा चिमटा बांधायचा आणि चिमट्याने पानाचा देठ धरायचा. फांदी तोडायची नाही, पान उलटेपालटे करायचे नाही.

भर दुपारचे ऊन टाळावे. चकाकणाऱ्या कवचावर पांढरा डाग उमटतो आणि खालच्या बाजूला काळोख. बटरपेपर किंवा ट्रेसिंग पेपरचा पंधरा सेंटिमीटरचा तुकडा उन्हाच्या आड धरला की उजेड मऊ होतो. दुसऱ्या बाजूला थर्मोकोलचा तुकडा ठेवला की पायांवरची सावली भरून निघते. फोनचा स्वतःचा दिवा इथे जवळपास निरुपयोगी आहे. एकतर जोडभिंगाचीच सावली पडते, आणि सरळ समोरून आलेल्या उजेडात पृष्ठभागाचा पोत दिसत नाही. पोत का महत्त्वाचा, त्याचे उदाहरण वांग्याच्या झाडावर आहे. वांग्याच्या पानाची जाळी करणारा ठिपकेदार भुंगेरा आणि मावा खाणारा उपयोगी ढालकिडा एकाच घराण्यातले, दोघेही गोल आणि ठिपक्यांचे. पण पान खाणाऱ्याच्या पाठीवर बारीक लव असते, त्यामुळे तो मळकट दिसतो. मावा खाणारा गुळगुळीत आणि चकचकीत असतो. समोरून दिवा टाकला की दोघेही चमकतात. उजेड कडेने घेतला तर लव दिसते आणि फरक लगेच कळतो.

काळा भुंगा किंवा मुंगळा टिपताना उजेड हाताने थोडा वाढवावा. रात्री भिंतीवरचा पतंग एलईडी दिव्याखाली काढताना फोटोत आडवे पट्टे आले तर तो फोनचा बिघाड नव्हे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवले की पट्टे जातात.

फोनची ‘हुशारी’ या कामात आड येते. पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी पुसताना मिशा आणि पायही पुसतो. मिशा नसलेले फुलपाखरू आम्ही पुष्कळदा पाहतो. दृश्य सुधारणारी सोय पंखांवर नसलेली खरबरीत नक्षी भरते. अनेक फोटो एकत्र करणाऱ्या एचडीआरमध्ये हलत्या मिशा दुहेरी उमटतात. तिन्ही बंद ठेवावेत. फिल्टर लावू नयेत, कारण रंग हाच बऱ्याचदा ओळखीचा पुरावा असतो. आणि काच पुसावी. खिशातून काढलेल्या फोनच्या काचेवर बोटाचा तेलकट ठसा असतोच, आणि पुष्कळ धुरकट फोटो केवळ त्यामुळे धुरकट असतात. पावसात एसीच्या खोलीतून थेट बाहेर आल्यास काचेवर बाष्प धरते. दहा मिनिटे थांबावे. कोकणात जोडभिंगे सिलिका जेलच्या पुडीसोबत बंद डबीत ठेवली नाहीत तर त्यांना बुरशी लागते.

कोणती बाजू टिपायची हे प्राण्यागणिक बदलते, आणि एकच सुंदर फोटो पाठवणारे इथेच कमी पडतात. छोट्या निळ्या फुलपाखरांची ओळख पंखांच्या खालच्या बाजूवरच्या ठिपक्यांवरून होते, वरून काढलेला निळा रंग फारसा उपयोगी पडत नाही. चतुर आणि त्याची सडपातळ भाऊबंद टाचणी यांच्या शेपटाच्या टोकाचे अंकुश वरून आणि कडेने हवेत. मुंगीची कंबर कडेने हवी, तिथे एक गाठ आहे की दोन हे पाहायचे असते. पाने शिवून घर करणाऱ्या ओंबिलाला एकच गाठ असते. आणि मुंगी टिपताना पाय मोजावेत. ओंबिलासारखाच दिसणारा एक कोळी त्याच झाडांवर फिरतो, पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरून. आठ पाय दिसले की तो कोळी. तसेच फुलावर घोटाळणाऱ्या पट्टेदार माशीला सरसकट मधमाशी म्हणू नये. पंखांची एकच जोडी आणि अगदी आखूड मिशा असतील तर ती फूलमाशी. तिच्या जातभाईंपैकी पुष्कळांच्या अळ्या मावा खातात, म्हणून तिची ओळख बागवाल्याच्या थेट कामाची आहे.

उड्या मारणाऱ्या कोळ्याचा चेहरा समोरून घ्यावा. पुढच्या ओळीत चार डोळे, त्यांतले मधले दोन टपोरे. तो स्वतःच वळून कॅमेऱ्याकडे बघतो, त्यामुळे हा फोटो वाटतो तेवढा अवघड नाही. त्यानंतर वरून पाठीचा एक फोटो घ्यायलाच हवा. चेहरा कितीही देखणा आला तरी जातीची दिशा पाठीवरची नक्षी दाखवते. तरीही बऱ्याच कोळ्यांची नेमकी जात सूक्ष्मदर्शकाखाली अवयव पाहिल्याशिवाय ठरत नाही, आणि हे प्रामाणिकपणे मान्य करावे. शहरी भागातही नवे सापडते. हुतात्मा सहायक उपनिरीक्षक तुकाराम ओंबळे यांचे नाव दिलेला ‘इशियस तुकारामी’ हा उड्या मारणारा कोळी २०२१ मध्ये ठाणे-कल्याण परिसरातून जगासमोर आला. भिंतीवरचा करडा कोळी म्हणून दुर्लक्ष करू नये, एवढ्यासाठी हे सांगितले.

शेतकरी बांधवांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण कृषी सल्ल्यासाठी रोज असंख्य फोटो पाठवले जातात आणि त्यांत पोखरलेले पान असते, अळी नसते. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी भारतात २०१८ मध्ये पहिल्यांदा कर्नाटकात आढळली आणि त्याच काळात महाराष्ट्रातही पसरली. तिची ओळख दोन ठिकाणी असते. डोक्यावर समोरून दिसणारी उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी फिकट खूण, आणि शेपटाकडून दुसऱ्या खंडावर चौकोनात बसलेले चार ठळक काळे ठिपके. अळी पोंग्यात (मक्याच्या मधल्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत) दडलेली असते, म्हणून पोंगा हलकेच उकलून तिला पानावर घ्यावे आणि एक फोटो डोक्याचा, एक वरून शेपटाचा, एक पूर्ण कडेचा आणि एक झाडावरच्या नुकसानीचा असे चार फोटो घ्यावेत. शेजारी आलेख कागदाची पट्टी ठेवावी, त्यावरच्या १ मिलिमीटरच्या चौकोनांनी माप आपोआप कळते. नाणे ठेवू नये, एक रुपयाचीच नाणी वेगवेगळ्या आकारांची आहेत. पिठ्या ढेकणाच्या वसाहतीचा फोटो काढताना त्यांच्यात एखादा लांब पांढऱ्या मेणतंतूंचा, मोठा आणि चपळ चालणारा जीव दिसला तर त्याचा वेगळा फोटो घ्यावा. ती क्रिप्टोलीमस ढालकिड्याची अळी असू शकते. ती पिठ्या ढेकूणच खाते, आणि फवारणीत पहिली मरते.

सुरक्षेचे थोडक्यात. आग्यामोहोळाजवळ फोन घेऊन जाऊ नये, टेलिफोटोनेही नाही. झाडावरचे एकच मोठे उघडे पोळे आणि त्यावर हलणारी माश्यांची लाट दिसली की तिथून मागे फिरावे. केसाळ सुरवंटांना हात लावू नये. पावसात झुडपाखाली गुडघा टेकण्याआधी जमीन पाहावी. कोकणात फुरसे पालापाचोळ्यात दिसत नाही.

एका गोष्टीची मात्र आम्हाला मनापासून चीड आहे. फोटो स्थिर यावा म्हणून किड्यांना फ्रीजमध्ये ठेवणे, पंख चिकटवणे, डिंकाने फुलावर बसवणे असे प्रकार सर्रास सुचवले जातात. थंडीने बधिर झालेला किडा ओळखू येतो. पाय पोटाशी दुमडलेले, मिशा पडलेल्या, आणि जिथे तो कधीच बसत नाही अशा फुलावर ‘शांत’ बसलेला. स्थिर किडा हवा असेल तर पहाटे जावे. ऊन अंगावर येईपर्यंत चतुर, फुलपाखरे आणि माश्या गवताच्या काड्यांवर निश्चल असतात. थंडीच्या दिवसांत आठपर्यंतही. शिवाय काही फुलपाखरे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या अनुसूचींत आहेत, त्यांना पकडणे हा गुन्हा आहे.

ॲटलास पतंगाचे तर दरवर्षी हाल होतात. पावसाळ्यात कोकणातल्या किंवा सह्याद्रीतल्या एखाद्या गावात तो दिव्याला येतो, आणि दुसऱ्या दिवशी ‘दुर्मीळ महाकाय फुलपाखरू सापडले’ अशी बातमी येते. तो फुलपाखरू नाही, पतंग आहे; सह्याद्रीच्या जंगलपट्ट्यात तो दरवर्षी दिसतो. पंखांचा पसारा सुमारे २५ सेंटिमीटर असतो म्हणून माणसे थबकतात, ते स्वाभाविक आहे. पण प्रौढ ॲटलासला खाण्यासाठी चालणारे तोंडच नसते. सुरवंट असताना साठवलेल्या चरबीवर तो मोजके दिवस जगतो, आणि तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. त्याला खोक्यात घालून लोकांना दाखवण्यात गेलेली एक रात्र त्याच्या आयुष्याचा मोठा हिस्सा असते. दिवा बंद करावा, बसल्या जागी वरून आणि कडेने दोन फोटो घ्यावेत आणि त्याला जाऊ द्यावे. पांढरी चादर आणि दिवा लावून पतंग पाहणाऱ्यांनीही रात्री अकराच्या सुमारास दिवा मालवावा, नाहीतर पहाटे कोतवाल आणि दयाळ हे पक्षी चादरीवरचे पतंग टिपून खातात.

फोटो पाठवताना तो व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा टाकला की लहान होतो आणि त्यातली तारीख-ठिकाणाची नोंद निघून जाते. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी पोहोचते. आयनॅचरलिस्ट किंवा इंडिया बायोडायव्हर्सिटी पोर्टल या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळांवर नोंद करताना घराचे नेमके ठिकाण उघड करायचे नसेल तर ते झाकण्याची सोय वापरावी.

संपादक महोदय, आपल्याकडून अपेक्षा एवढीच. वाचकांचे कीटकांचे फोटो मागवताना तारीख, गाव, झाडाचे नाव आणि अंदाजे लांबी या चार गोष्टी सक्तीच्या कराव्यात आणि फोटोखाली छापाव्यात. झाडाचे नाव सगळ्यांत मोलाचे, कारण रुईवरची पट्टेदार अळी म्हटले की बिबळ्या कडवा हे फुलपाखरू डोळ्यांसमोर येते आणि कढीपत्त्यावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी म्हटले की लिंबाच्या फुलपाखराचे घराणे. २०१५ मध्ये राज्य फुलपाखराचा मान मिळालेल्या राणी पाकोळीचेही सुरवंट लिंबूवर्गातल्या झाडांवर वाढतात, त्यामुळे अशी एक ओळ पुढच्या वाचकाला आपल्या दारचे झाड तपासायला लावते. ‘दुर्मीळ’ हा शब्द जाणकाराला विचारल्याशिवाय छापू नये. फ्रीजमध्ये ठेवलेल्या किंवा चिकटवलेल्या प्राण्याचा संशय असेल तो फोटो नाकारावा, कितीही देखणा असला तरी. आणि कापून मोठा केलेल्या फोटोसोबत मूळ अखंड फोटोही मागवावा, कारण झाडाचे पान, अंड्यांचा पुंजका किंवा शेजारी बसलेला दुसरा किडा पुष्कळदा कापून टाकलेल्या भागातच असतो.

कळावे,
आपले,
बागेतल्या कीटकांची ओळख पटवून देणारे काही वाचक